कागदावरची पोज आणि कॉम्प्युटरवरचं अ‍ॅनिमेशन : काम देण्याआधी हे वाचा

अ‍ॅनिमेशन फिल्मचं काम घेऊन येणारे बरेच जण पहिल्याच मीटिंगमध्ये विचारतात, की आता सगळं सॉफ्टवेअरवर होतं तर तुम्ही अजून कागद-पेन्सिल घेऊन काय बसता, त्यात वेळ जात नाही का? प्रश्न रास्त आहे. दरवेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं म्हणून हे पत्रक काढलंय.

आमची पद्धत थोडक्यात सांगायची तर कॅरेक्टरच्या मुख्य पोज, ज्याला आम्ही की पोज म्हणतो, त्या आर्टिस्ट हाताने काढतो आणि दोन पोजच्या मधली हालचाल सॉफ्टवेअरमध्ये रिगवर होते. रिग म्हणजे डोकं, धड, दंड, कोपरापासूनचा हात, पंजा असे सुटे तुकडे सांध्यांवर जोडून केलेली कळसूत्री बाहुलीच, फक्त दोऱ्या माउसच्या हातात.

सगळं हातानेच का नाही, तर हिशोब बघा. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 स्थिर चौकटी, जातात. हाताने करताना बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात (ऑन टूज), म्हणजे सेकंदाला 12 चित्रं, म्हणजे 30 सेकंदांच्या फिल्मला एकाच कॅरेक्टरची 360 चित्रं, आणि ती पण क्लीनअप करून (रफ रेषा साफ करून), रंग भरून. दोन कॅरेक्टर असतील तर झालंच.

मग सगळं सॉफ्टवेअरवर का नाही? इथेच घोडं पेंड खातं. समजा तुमच्या फिल्ममध्ये एक माणूस जड खोका उचलतोय. पहिली पोज, गुडघे वाकवून खोक्याला हात घातलेत. शेवटची पोज, खोका छातीशी धरून उभा. या दोनच पोज सॉफ्टवेअरला दिल्या तर ते प्रत्येक सांध्याचं अंतर वाटून मोकळं होतं, सगळे सांधे एकदम सुटतात आणि एकदम पोचतात, आणि खोका असा वर येतो जसा काही थर्माकोलचा आहे. खरा माणूस काय करतो, आधी कंबर वर घेतो, हात ताणून सरळ होतात, खांदे खाली ओढले जातात आणि खोका अजून जमिनीवरच असतो, मग तो हिसक्याने सुटतो आणि माणूस थोडा मागे झुकतो. ती मधली ताणलेली पोज आमचा आर्टिस्ट काढतो, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे लागली तर एखादी ब्रेकडाउन, म्हणजे एका पोजमधून दुसरीत कसं जायचं ते दाखवणारी मधली पोज. कंबर खोक्याच्या 5-6 फ्रेम आधी निघाली की बघणाऱ्याला न सांगता वजन कळतं. सॉफ्टवेअरला वजन काय ते माहीत नसतं, त्याला फक्त या की पोजपासून त्या की पोजपर्यंत जायचं असतं.

दुसरं कारण जरा आमच्या मताचं आहे. थेट रिग हलवून पोज लावायला बसलं की आपण नकळत रिगला सोप्या जातात त्याच पोज लावतो, आणि मग सगळी कॅरेक्टर्स कोपरं थोडी वाकवून सारखीच उभी राहतात. तुम्ही अशा फिल्म खूप बघितल्या असतील. कागदावर काढणाऱ्याला रिगची पर्वा नसते, तो खांदा कानाला लावतो, पाठीची पार कमान करतो. (डिजिटल टॅबलेटवर काढलं तरी आम्ही ते हाताचंच धरतो. कागद बरा की टॅबलेट बरा यावर आमच्यातच रोज वाद चालतो, त्यात तुम्ही पडू नका.)

रफ पोज निळ्या पेन्सिलने काढून वर गडद रेष मारतात, कारण स्कॅन केल्यावर निळा रंग वेगळा करून काढून टाकता येतो आणि गडद रेष तेवढी उरते. कागदाला तीन भोकं असतात, मधलं गोल आणि बाजूची दोन लांबट, ती पेगबारवर (खुंट्या असलेल्या पट्टीवर) बसवली की प्रत्येक चित्र जागच्या जागी येतं. स्कॅनसुद्धा पेगबार लावूनच करतो, कागद जरासा जरी सरकला तरी स्क्रीनवर कॅरेक्टर थरथरतं.

मग या पोज सॉफ्टवेअरमधल्या टाइमलाइनवर (वेळेच्या पट्टीवर), जेवढा वेळ दिसायच्या तेवढा वेळ तशाच थांबवून ठेवतो. याला पोज टेस्ट म्हणतात आणि ती तुम्हाला पाठवतो. ही बघून काही जण घाबरतात, कारण रंग नाही, चित्र उड्या मारतं, रेषा रफ आहेत. ते सगळं पुढे होणारच आहे. इथे तुम्ही बघायचं ते हे की आवाज बंद केला तरी काय चाललंय ते कळतंय का, कॅरेक्टर तुम्हाला हवं तसं वागतंय का, आणि कुठे घाई किंवा रेंगाळल्यासारखं वाटतंय का. बदल सांगायची खरी वेळ हीच, कारण इथे एक पोज बदलायची म्हणजे एक चित्र नव्याने काढायचं, बस. पोज टेस्टला नुसतं ‘ओके’ लिहून पाठवू नका प्लीज, नीट बघा, घरच्या कुणाला तरी दाखवा.

मंजुरी आली की स्कॅन खालच्या लेयरवर फिका करून ठेवतो आणि वर रिग त्या चित्राशी जुळवत जातो. आधी पोज उड्या मारतच ठेवतो आणि टाइमिंग पक्कं झालं की मगच मधली हालचाल चालू करतो. नुसतं कोपर किंवा खांदा फिरवला तर हात आपोआप गोलाईत जातो, पण पंजा एखाद्या जागी बांधून ती जागा हलवली की तो सरळ रेषेत सरकतो आणि हालचाल मशिनसारखी दिसते, तिथे मध्ये आणखी की पोज टाकून गोलाई आणावी लागते. काही पोज रिगला झेपतच नाहीत, उदाहरणार्थ बोट थेट कॅमेऱ्याकडे रोखलेला हात. तिथे तेवढ्या फ्रेमपुरता नवीन काढलेला हात लावतो. हार्मनी आणि मोहो या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये याला नावं वेगळी आहेत पण काम तेच. ओपनटूंझ हे सॉफ्टवेअर 2016 पासून फुकट आणि ओपन सोर्स आहे, ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये चित्र काढायला ग्रीस पेन्सिल आहे. सॉफ्टवेअर कुठलं हे तुम्ही फार मनावर घेऊ नका.

रिग झाल्यावरचे बदल मात्र जड जातात. ‘हाफ शर्टाचा फुल शर्ट करा’ हे ऐकायला छोटं वाटतं, पण त्यात दंड, कोपराचा जोड, हात असे सगळे तुकडे दोन्ही बाजूंचे परत काढायचे आणि प्रत्येक शॉट परत तपासायचा. तसंच तिरक्या कोनातून बनवलेलं रिग पाठमोरं फिरत नाही, त्याला वेगळी चित्रं लागतात. त्यामुळे कॅरेक्टरचे कपडे आणि कुठल्या कुठल्या बाजूने ते दिसणार, हे डिझाइन शीटवर, म्हणजे कॅरेक्टर कसं दिसणार त्या चित्रांच्या कागदावरच पक्कं करू.

आवाज फायनल झालेला द्या. ओठांची हालचाल तर आवाजावर बसतेच, पण पोजसुद्धा कुठल्या शब्दावर जोर आहे त्यावर ठरते, नंतर आवाज बदलला की दोन्ही हलतं.

हे पण सांगून टाकतो की ही पद्धत सगळीकडे चालत नाही. एकच कॅरेक्टर उभं राहून दहा मिनिटं माहिती सांगणार असेल तर नुसतं रिग पुरे, कागदाचा खर्च कशाला. उलट उडणारं कापड, पाणी, एका प्राण्याचा दुसरा प्राणी होणं असलं काही असेल तर रिगच्या नादी न लागता ते शॉट पूर्ण हातानेच केलेले बरे.

कामाच्या सुरुवातीला आम्हाला फिल्म कुठे दाखवणार ते सांगा, म्हणजे 24, 25 की 30 फ्रेम आणि आडवी की उभी हे ठरवता येतं. फ्रेमरेट मागाहून बदलला तर पोजचं बसवलेलं टाइमिंग बिघडतं. आणि पुढे तुमचीच टीम तेच कॅरेक्टर वापरणार असेल तर रिगची फाइल पण लागेल का आणि तुमच्याकडे कुठलं सॉफ्टवेअर आहे ते तेव्हाच बोला, कारण एका सॉफ्टवेअरमधलं रिग दुसऱ्यात सहसा जसंच्या तसं उघडत नाही.