दाद न लागलेल्यांच्या सहा गोष्टी : 'रेलातोस साल्वाहेस'ची पार्श्वभूमी

दामियान सिफ्रोन यांचा 'रेलातोस साल्वाहेस' हा आर्जेंटिनी चित्रपट मे २०१४ मध्ये कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात पहिल्यांदा दाखवला गेला. जगभर तो 'वाइल्ड टेल्स' या नावाने पोहोचला. दोन तासांत सहा स्वतंत्र कथा. एका कथेतले पात्र दुसऱ्या कथेत डोकावतही नाही. सगळ्यांना बांधणारा धागा एकच, सूड. आणि तोही असा सांगितलेला की हसू येते आणि त्याच क्षणी पोटात गोळा येतो.

या चित्रपटाचा अभ्यास करताना बहुतेक जण रागाच्या मानसशास्त्राकडे वळतात. माणसाच्या आत दडलेले जनावर, संयमाचा सुटलेला बांध, अशी मांडणी होते. श्रेयनामावलीत प्रत्येक नावामागे एकेक वन्य प्राणी दिसतो, त्यामुळे तो मोह साहजिक आहे. मला मात्र वाटते की राग कसा फुटला यापेक्षा तो फुटण्याआधी माणूस कुठे दाद मागायला गेला होता आणि तिथे काय झाले, हे पाहणे जास्त फलदायी आहे. तसे पाहू लागलो की हा चित्रपट एकट्या सिफ्रोन यांचा राहत नाही. आर्जेंटिनाच्या साहित्यात, रंगभूमीवर आणि राजकारणात दीडशे वर्षे चालत आलेल्या एका गोष्टीचे ते अलीकडचे रूप ठरते.

सर्वांत गाजलेली कथा 'बोम्बिता' घ्या. रिकार्दो दारीन यांनी साकारलेला सिमोन फिशर हा जुन्या इमारती स्फोटकांनी पाडणारा अभियंता आहे. मुलीच्या वाढदिवसाचा केक घ्यायला तो थांबतो आणि तेवढ्यात त्याची गाडी उचलून नेली जाते. कडेला पिवळा पट्टा नव्हता, मी नियम मोडलेला नाही, याचा पुरावा द्या, एवढेच त्याचे म्हणणे असते. काचेपलीकडचा कारकून सांगतो की पावती हाच पुरावा; आधी पैसे भरा. पुढे नोकरी जाते, संसार मोडतो, आणि शेवटी हा माणूस उचललेल्या गाड्या ठेवायच्या गाडीतळावर आपल्याला येत असलेली एकच विद्या वापरतो. त्या स्फोटात कोणी मरत नाही, ही बाब नीट लक्षात घ्यायला हवी, कारण तो लोकांचा नायक होतो तो त्यामुळेच. ब्वेनोस आयरेसमधल्या प्रेक्षकाला यातले काहीच काल्पनिक वाटले नाही. तिथे गाड्या उचलण्याचे काम १९९० च्या दशकात खासगी कंपन्यांकडे सोपवले गेले होते. त्या कंत्राटांची मुदत २००१ मध्ये संपूनही काम तसेच पुढे चालू राहिले होते, आणि शहरातल्या गाडीवाल्यांचा त्यावरचा राग जुना होता.

आता १८७९ सालात जाऊ. त्या वर्षाच्या अखेरीस 'ला पात्रिया आर्खेंतिना' या वृत्तपत्रात एदुआर्दो गुतिएर्रेस यांची 'हुआन मोरेइरा' ही कादंबरी क्रमशः छापून येऊ लागली. मोरेइरा हा खरोखर होऊन गेलेला गाउचो, म्हणजे पाम्पाच्या गवताळ मैदानातला घोडेस्वार गुराखी. १८७४ मध्ये लोबोस गावी तो पोलिसांच्या हातून मारला गेला होता. कादंबरीत त्याने सार्देत्ती नावाच्या दुकानदाराला १०,००० पेसो उसने दिलेले असतात. तो ते परत मागतो. कागद काहीच नसतो. गावच्या अधिकाऱ्यासमोर दुकानदार कानावर हात ठेवतो आणि अधिकारी मोरेइरालाच खोटारडा ठरवून खोड्यात अडकवतो. सुटल्यावर मोरेइरा दुकानदाराला ठार करतो आणि तिथून त्याची फरारी जिंदगी सुरू होते. त्याच्या सात वर्षे आधी, १८७२ मध्ये, होसे एर्नांदेस यांच्या 'मार्तीन फिएर्रो' या दीर्घ काव्यानेही हेच सांगितले होते : जबरदस्तीने सीमेवरच्या चौकीत धाडलेला, पगार न मिळालेला गाउचो पळून येतो, तर घर उद्ध्वस्त झालेले. ते काव्य पुढे राष्ट्रीय महाकाव्य मानले गेले. म्हणजे या देशाच्या वाङ्मयाचा पायाच अशा माणसावर उभा आहे, ज्याला सरकारने आधी लुबाडले आणि मग गुन्हेगार ठरवले. फिशर हा त्याच घराण्यातला. घोड्याची मोटार झाली, सुरीची स्फोटके झाली, खोड्याची जागा दंडाच्या पावतीने घेतली.

मोरेइरा कागदावरून उठला तो थेट सर्कशीच्या रिंगणात. होसे पोदेस्ता यांच्या मंडळींनी १८८४ मध्ये त्याचे मूकनाट्य केले आणि १८८६ मध्ये त्याला संवाद दिले. आर्जेंटिनाच्या राष्ट्रीय रंगभूमीची सुरुवात पुष्कळ अभ्यासक इथूनच मोजतात. सूडाची कथा विदूषकांच्या तंबूत वाढली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रक्तपात आणि गंमत एकाच मांडवात पाहायची सवय त्या प्रेक्षकाला तेव्हापासूनची आहे.

त्या सवयीला कलेचे रूप दिले आर्मान्दो दिसेपोलो यांनी. 'मातेओ' (१९२३), 'बाबिलोनिया' (१९२५), 'स्तेफानो' (१९२८) ही त्यांची नाटके 'ग्रोतेस्को क्रिओयो' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारातली. इटलीहून आलेला, दाटीवाटीच्या चाळवजा घरात राहणारा, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये बोलणारा माणूस हा त्यांचा नायक. 'मातेओ'मधला गाडीवान मोटारींच्या युगात भुकेला लागतो आणि नाइलाजाने चोरीत सामील होतो. त्याची फजिती हास्यास्पद आहे आणि भीषणही, आणि लेखक प्रेक्षकाला दोन्हींतून सुटका देत नाही. आर्मान्दो यांचे धाकटे भाऊ एन्रिके सान्तोस दिसेपोलो यांनी हाच सूर टँगोत आणला. १९३४ च्या 'काम्बालाचे' या त्यांच्या गीतात प्रामाणिक आणि लबाड एकाच मोलाचे झाल्याची जळजळ आहे. १९८५ मध्ये आलेला आलेहान्द्रो दोरिया यांचा 'एस्पेरान्दो ला कारोसा' हा म्हाताऱ्या आईच्या मरणावरून घरात माजलेल्या गोंधळाचा चित्रपट याच वळणाचा. 'रेलातोस साल्वाहेस'मधला काळा विनोद हॉलिवूडवरून घेतलेला आहे असे म्हणणाऱ्यांनी आधी ही परंपरा पाहावी.

'लास रातास' ही दुसरी कथा आणखी एका वाटेने मागे नेते. पावसाळी रात्री महामार्गालगतच्या ओसाड खाणावळीत एक गिऱ्हाईक येते. वाढणारी मुलगी त्याला ओळखते : याच माणसाने तिच्या कुटुंबाचे घर लिलावात काढले होते, त्यापायी तिच्या वडिलांनी आत्महत्या केली होती, आणि आता तो निवडणुकीला उभा आहे. आर्जेंटिनी लेखक होर्हे लुइस बोर्हेस यांची 'एम्मा सुन्स' ही कथा १९४८ मध्ये 'सुर' मासिकात आली आणि पुढच्या वर्षी 'एल आलेफ' संग्रहात. तिथेही अपहाराच्या आळात उद्ध्वस्त झालेला बाप आहे, खरा चोर लोएवेन्ताल पुढे कारखान्याचा मालक होऊन बसला आहे, आणि मुलगी एकटीच त्याचा निकाल लावते. दोन्हींतला फरक अभ्यासण्यासारखा आहे. एम्मा न्यायालयाकडे जात नाही, पण सगळे असे रचते की कायद्याला तिची गोष्ट मान्य करावी लागावी. सिफ्रोन यांची मुलगी मात्र कचरते; विषाची कल्पना तुरुंग पाहून आलेल्या स्वयंपाकिणीची. सूड घ्यावा की नाही हा वाद दोन बायकांमध्ये, स्वयंपाकघरात, तळणाच्या वासात होतो.

यापुढची पार्श्वभूमी जड आहे. २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता घेतली आणि १९८३ पर्यंत हजारो माणसे 'बेपत्ता' केली. अधिकृत आयोगाने ८,९६१ प्रकरणांची नोंद केली; मानवाधिकार संघटना ३०,००० हा आकडा धरतात. १९८५ मध्ये लष्करशहांवर खटला चालून शिक्षा झाल्या. पण १९८६ आणि १९८७ च्या दोन कायद्यांनी पुढचे खटले रोखले, आणि राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांनी शिक्षा झालेल्यांनाही माफी दिली. छळ करणारा माणूस त्याच शहरात, कदाचित त्याच गल्लीत, मोकळा फिरत होता. एवढे होऊनही बेपत्तांच्या नातेवाइकांनी हत्यार उचलले नाही. १९७७ पासून बेपत्तांच्या आया प्लासा दे मायो चौकात डोक्याला पांढरे रुमाल बांधून फेऱ्या घालत राहिल्या. १९९५ मध्ये बेपत्तांच्या मुलांनी स्थापन केलेली 'इहोस' ही संघटना माफी मिळालेल्यांच्या दारासमोर ढोल वाजवी, रस्त्यावर रंगाने लिही आणि शेजाऱ्यांना सांगे की इथे कोण राहतो. शेवटी २००३ मध्ये संसदेने ते कायदे रद्द ठरवले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले आणि खटले पुन्हा उभे राहिले.

ही बाजू मला सर्वांत मोलाची वाटते. सूडाच्या कल्पनेवर मनापासून प्रेम करणाऱ्या या देशाने, सूड घेण्याचे सर्वांत मोठे कारण समोर असताना, न्यायालयाचा रस्ता सोडला नाही. म्हणून तिथले सूडाचे चित्रपट हे प्रत्यक्षात आवरलेल्या हाताचे स्वप्न आहेत. २००९ च्या 'एल सेक्रेतो दे सुस ओहोस'मध्ये सरकारच खुन्याला सोडते, तेव्हा मेलेल्या बाईचा नवरा आपल्यापुरता तुरुंग बांधतो. त्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले, आणि त्यातही दारीन होते.

मग २००१. एक पेसो म्हणजे एक डॉलर, हे १९९१ पासून चाललेले समीकरण कोसळू लागले. डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने बँकांतून आठवड्याला २५० पेसोंपेक्षा जास्त रोकड काढायला बंदी घातली. आयुष्यभराची पुंजी खात्यात दिसत होती आणि हातात येत नव्हती. मध्यमवर्गीय माणसे पातेली बडवत रस्त्यावर उतरली; 'सगळ्यांनी चालते व्हा' ही त्यांची घोषणा. १९ आणि २० डिसेंबरच्या दंगलींत ३० हून अधिक माणसे मेली आणि राष्ट्राध्यक्ष दे ला रुआ हेलिकॉप्टरने निघून गेले. सुटाबुटातला नोकरदार बँकेच्या काचा फोडतो हे दृश्य देशाने तेव्हा पाहिले. फिशर कार्यालयातल्या काचेवर अग्निशामक नळकांडे आपटतो, तेव्हा प्रेक्षागृहाला ते ओळखीचे होते.

सिफ्रोन यांचे नाव झाले ते नेमके याच काळात. १९७५ चा जन्म, ब्वेनोस आयरेसलगतच्या रामोस मेहिया गावचे. मार्च २००२ मध्ये त्यांची 'लोस सिमुलादोरेस' ही मालिका सुरू झाली. चार जणांची टोळी पैसे घेऊन सामान्य माणसांच्या अडचणी बनाव रचून सोडवते. जिथे कार्यालये, बँका, पोलीस कामाला येत नाहीत, तिथे नाटक कामाला येते. हा 'बोम्बिता'चा सौम्य पूर्वावतार. त्यानंतर 'तिएम्पो दे वालिएन्तेस' (२००५) हा चित्रपट आला आणि पुढची काही वर्षे ते मोठे प्रकल्प लिहीत राहिले. त्या लेखनाच्या मधल्या वेळात सुचलेल्या छोट्या कथांतून हा चित्रपट जमला. पेद्रो आणि आगुस्तीन आल्मोदोवार यांची स्पेनमधली निर्मितीसंस्था भागीदार झाली, संगीत गुस्तावो सान्ताओलाया यांनी दिले. कथागुच्छाचा साचा इटलीत १९६० च्या दशकात भरभराटीला आला होता; दिनो रिसी यांचा 'इ मोस्त्री' (१९६३) हा त्यातला या चित्रपटाला स्वभावाने सर्वांत जवळचा.

आर्जेंटिनात ऑगस्ट २०१४ मध्ये तो लागला आणि ३० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. त्याच सुमारास टीव्हीवरच्या एका लोकप्रिय भोजन-गप्पांच्या कार्यक्रमात सिफ्रोन म्हणाले की आपण अत्यंत गरिबीत जन्मलो असतो तर गवंडी होण्याऐवजी गुन्हेगार झालो असतो. त्यावरून मोठा गदारोळ झाला. पुढे ऑस्करचे नामांकन मिळाले, स्पेनचा गोया पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये ब्रिटनचा बाफ्टा. मार्च २०१५ मध्ये फ्रेंच आल्प्समध्ये जर्मनविंग्सचे विमान सहवैमानिकाने जाणूनबुजून पाडले, १५० जण गेले, आणि त्याच आठवड्यात हा चित्रपट ब्रिटनमध्ये लागला. विमानात घडणाऱ्या पहिल्या कथेमुळे तिथल्या चित्रपटगृहांना प्रेक्षकांसाठी सूचना लावावी लागली.

वर्गात शिकवताना वेळ कमी असेल तर मी 'बोम्बिता'ऐवजी 'ला प्रोपुएस्ता' निवडेन. श्रीमंताचा मुलगा एका गरोदर बाईला गाडीखाली चिरडून पळून येतो. बाप घरच्या माळ्याला पाच लाख डॉलर देऊ करतो : गुन्हा तू अंगावर घे. मग वकील, सरकारी तपास अधिकारी, माळी, प्रत्येक जण आपला वाटा वाढवत नेतो, आणि ती घासाघीस बाजारातल्या सौद्यासारखी रंगत जाते. इथे दाद ऐकणारा अधिकारी स्वतः दिवाणखान्यात येऊन बसला आहे. फाटकाबाहेर मेलेल्या बाईचा नवरा कॅमेऱ्यांसमोर सूड घेण्याची शपथ घेतो. आणि शेवटी त्याचा हातोडा पडतो तो पैशासाठी उभ्या राहिलेल्या माळ्यावर. सार्देत्ती, लोएवेन्ताल, गाडीतळ, या साऱ्या गोष्टींत सूड निदान योग्य दारापर्यंत पोहोचत होता. इथे तोही पोहोचत नाही, आणि घरातली माणसे सुखरूप राहतात.