म्युझिक प्लेअरमध्ये इंटरनेट रेडिओ केंद्र जोडणे

म्युझिक प्लेअरच्या तयार यादीत नसलेले रेडिओ केंद्र त्याच्या स्ट्रीमचा, म्हणजे इंटरनेटवरून सलग येणाऱ्या आवाजाचा, पत्ता देऊन मोबाइलवर ऐकण्याची सोय. ॲपच्या यादीत कोणती केंद्रे असावीत हे ॲप बनवणारा ठरवतो. छोटी, हौशी किंवा एकाच संगीतप्रकाराला वाहिलेली केंद्रे त्यात बहुधा नसतात आणि ऐकण्याजोगे पुष्कळसे नेमके तिथेच असते. म्हणून पत्ता हाताने टाकण्याची जागा ज्या प्लेअरमध्ये नाही, तो रेडिओसाठी अपुराच म्हणावा लागेल. अँड्रॉइडवरील ट्रान्झिस्टर आणि व्हीएलसी ही अशी सोय देणारी परिचित ॲप्स आहेत.

बहुतेकांची अडचण होते ती पत्त्यापाशी. केंद्राच्या वेबसाइटचा पत्ता प्लेअरला चालत नाही. त्याला आवाज जिथून येतो तो पत्ता लागतो. आवाज पाठवणाऱ्या सर्व्हर प्रणालींपैकी शाउटकास्ट व आइसकास्ट या दोन्ही 1990 च्या दशकाच्या अखेरीस आल्या. त्यांच्या पत्त्यात अनेकदा 8000 हा पोर्ट क्रमांक, म्हणजे सर्व्हरवरील जोडणीच्या दाराचा क्रमांक, दिसतो. पुष्कळ केंद्रे एमथ्रीयू (.m3u) किंवा पीएलएस (.pls) प्रकारची यादीची फाइल देतात. या फाइलमध्ये आवाज नसतोच, असतात त्या मजकुराच्या मोजक्या ओळी : केंद्राचे नाव, स्ट्रीमचा पत्ता आणि कालावधीच्या जागी बहुधा -1, कारण थेट प्रक्षेपणाला ठरलेली लांबी नसते. प्लेअरला ही फाइल वाचता आली नाही, तर ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून आतला पत्ता घ्यावा. वाचता येत असेल तर मात्र फाइलचाच पत्ता जतन करणे शहाणपणाचे : केंद्राने सर्व्हर बदलला की फाइलमधली ओळ बदलते, ऐकणाऱ्याला काही करावे लागत नाही. वेबसाइटवर पत्ता कुठेच दिलेला नसेल, तर संगणकाच्या ब्राउझरमधील डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क विभागात तो सापडू शकतो. पण अशा पत्त्याला कधी कधी मुदतीचे टोकन, म्हणजे तात्पुरत्या परवानगीचा संकेत, जोडलेले असते. मुदत संपली की तो बंद पडतो. रेडिओ ब्राउझर या सर्वांसाठी खुल्या सूचीत वापरकर्त्यांनी भरलेले पत्ते मिळतात.

पत्ता बरोबर असूनही केंद्र वाजले नाही, तर पत्त्याची सुरुवात आधी पाहावी. आयओएस 9 (2015) आणि अँड्रॉइड 9 (2018) पासून असुरक्षित, म्हणजे http:// ने सुरू होणाऱ्या साध्या एचटीटीपी जोडणीवर आपोआप लागू होणारे बंधन आले. ॲपने मुद्दाम सूट घेतलेली नसेल तर जुनी केंद्रे अडतात. https:// ने सुरू होणारा सुरक्षित एचटीटीपीएस पत्ता उपलब्ध आहे का, हे तेव्हा तपासावे. काही केंद्रे संगीताच्या हक्कांमुळे ठरावीक देशांबाहेर ऐकू येत नाहीत.

पडद्यावर दिसणारे गाण्याचे नाव आवाजाच्याच प्रवाहातून येते. प्लेअरने मागणी केली की सर्व्हर ठरावीक बाइटनंतर मजकुराचा छोटा तुकडा मध्ये घालतो. प्लेअर तो वेगळा काढून दाखवतो. मजकुराची लिपी कोणत्या सांकेतिक पद्धतीत असावी हे जुन्या शाउटकास्टमध्ये निश्चित नव्हते. देवनागरी नावांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात ती अनेकदा यामुळेच, आणि त्याचा दोष फोनच्या फॉन्टला देण्यात अर्थ नाही.

डेटाचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला 128 किलोबिट दराने तासाला सुमारे 58 मेगाबाइट खर्च होतात, 64 किलोबिटला त्याच्या निम्मे. एकाच केंद्राचे दोन-तीन दर उपलब्ध असतील तर ते वेगवेगळ्या नावांनी जोडून ठेवावेत. बोलण्याच्या कार्यक्रमांना कमी दर सहज पुरतो. पडदा बंद केल्यावर आवाज थांबत असेल, तर बॅटरी बचतीच्या यादीतून ते ॲप वगळावे.

जमवलेली यादी एमथ्रीयू फाइल म्हणून बाहेर काढता येते का, हे प्लेअर निवडतानाच पाहावे. तशी फाइल असली की फोन किंवा ॲप बदलल्यावर पत्ते पुन्हा शोधावे लागत नाहीत.