डेटाबेस मायग्रेशन

डेटाबेसची रचना बदलली की आत आधीपासून असलेला डेटा नव्या रचनेत नीट बसवून द्यावा लागतो, त्या कामाला मायग्रेशन म्हणतात. रचना म्हणजे स्कीमा: टेबलं कुठली, त्यात कॉलम कुठले, कशात आकडा चालतो आणि कशात तारीख. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला हुकूम द्यायच्या भाषेत, आल्टर टेबल ही कमांड त्यासाठीच आहे आणि रिकाम्या टेबलवर ती चालवायला काहीच लागत नाही, खरं काम असतं ते आत पडलेल्या लाखो जुन्या रेकॉर्डचं.

साधं उदाहरण घ्या. एकाच कॉलममध्ये पूर्ण नाव आहे आणि आता नाव, आडनाव वेगळं पाहिजे. पहिल्या स्पेसवर तोडलं तर तीन शब्दांची नावं चुकतात, आणि ज्याने एकच शब्द भरलाय त्याचं आडनाव काय टाकणार? तारखा टेक्स्ट म्हणून ठेवल्या असतील तर अजून अवघड, कारण ०५/०६/२०१४ म्हणजे ५ जून की ६ मे हे रेकॉर्ड बघून कळतच नाही, तो कुठल्या फॉर्ममधून किंवा कुठल्या फाइलमधून आला ते शोधत बसावं लागतं. फोन नंबर आकडा म्हणून ठेवला असेल तर सुरुवातीचा शून्य केव्हाच गेलेला असतो, नंतर कॉलम टेक्स्ट केला म्हणून तो परत येत नाही. म्हणून स्क्रिप्ट लिहायच्या आधी जुना डेटा बघा, किती व्हॅल्यू रिकाम्या आहेत, किती विचित्र आहेत ते मोजा. हा भाग लोक सगळ्यात जास्त टाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

दुसरा प्रश्न लॉकचा, म्हणजे एकाचं काम चालू असताना बाकीच्यांना टेबलपासून थांबवून ठेवण्याचा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये बहुतेक आल्टर टेबल कमांड टेबलवर सगळ्यात कडक लॉक मागतात. कमांड स्वतः काही मिलीसेकंदांची असली तरी आधीच कुणाची लांबलचक क्वेरी चालू असेल तर ती लॉकसाठी थांबते, आणि तिच्यामागे साध्या सिलेक्टसुद्धा, म्हणजे नुसता डेटा वाचणाऱ्या क्वेरीसुद्धा, रांगेत अडकतात, म्हणजे बघता बघता अख्खं अॅप ठप्प. यावर उपाय म्हणजे लॉक टाइमआउट, म्हणजे लॉकसाठी किती वेळ थांबायचं ती मर्यादा, छोटा ठेवायचा, नाही मिळाला लॉक तर सोडून द्यायचं आणि थोड्या वेळाने परत प्रयत्न करायचा. २०१८ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस ११ पासून ठराविक डिफॉल्ट व्हॅल्यू (काही भरलं नाही तर आपोआप बसणारी) देऊन कॉलम वाढवताना पूर्ण टेबल परत लिहावं लागत नाही, त्याआधी लागायचं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मात्र आल्टर चालली की ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र बांधलेले बदल, आपोआप कमिट म्हणजे पक्कं होतं, त्यामुळे पाच बदलांपैकी तिसऱ्याला एरर आला तर पहिले दोन तसेच राहतात, पोस्टग्रेससारखे सगळे एकदम मागे घेता येत नाहीत.

चालू सिस्टिमवर बदल करायचा तर जुना कोड आणि नवा कोड काही वेळ एकाच डेटाबेसवर चालणार हे धरूनच चालायचं. म्हणून नवा कॉलम आधी जोडतात, तो रिकामा चालेल असा ठेवतात, मग अॅप जुन्या आणि नव्या दोन्हीकडे लिहायला लागतं, त्यानंतर जुने रेकॉर्ड भरून घ्यायचे, ज्याला बॅकफिल म्हणतात, आणि दोन्हीकडचं जुळतंय हे तपासून झालं की वाचन नव्या कॉलमवर न्यायचं. बॅकफिल एका मोठ्या अपडेटने करू नका. प्रायमरी कीच्या (प्रत्येक रेकॉर्डची वेगळी ओळख देणाऱ्या कॉलमच्या) क्रमाने हजार-हजार रेकॉर्डचे तुकडे घ्या, प्रत्येक तुकडा कमिट करा, रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची सतत अपडेट होणारी दुसरी प्रत, मागे पडत असेल तर थांबा. स्क्रिप्ट मध्येच बंद पडली आणि परत चालवली तरी काही बिघडणार नाही अशीच लिहायची. ३२ बिटच्या आयडीची मर्यादा २१४७४८३६४७ आहे, ती जवळ आली की मोठ्या आकड्याच्या प्रकारावर जायलाही बरेचदा हाच रस्ता वापरतात, फक्त तिथे त्या आयडीकडे बोट दाखवणारी बाकीची टेबलंही बदलावी लागतात.

रेल्स, जँगो, फ्लायवे, लिक्विबेस अशी टूल प्रत्येक बदल क्रमाने नोंदवून ठेवतात आणि कुठले चालून झाले ते डेटाबेसमध्येच एका टेबलात लिहितात. एकदा प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या सिस्टिमवर, चाललेली मायग्रेशन फाइल नंतर बदलायची नाही, चूक असेल तर नवी लिहायची. मोंगोडीबीसारख्या डेटाबेसमध्ये रचना सक्तीची नसते पण काम टळत नाही, जुन्या आकाराचे डॉक्युमेंट (तिथले रेकॉर्ड) वाचताना कोडलाच सांभाळावे लागतात.

रोलबॅकवर, म्हणजे चालून झालेलं मायग्रेशन नंतर उलटं फिरवण्यावर, फार भरवसा ठेवू नका. काढलेला कॉलम रोलबॅकने परत येतो पण रिकामा, आतला डेटा बॅकअपमध्ये असेल तरच मिळतो. त्यामुळे जुना कॉलम काढणं अगदी शेवटी, आणि त्याआधी निदान एक महिना जाऊ द्यावा, कारण महिन्यातून एकदाच चालणारा एखादा रिपोर्ट अजूनही तोच कॉलम वाचत असतो.