वावरवाला आणि बोअरवाला: तेल कंपनी कोणती, ड्रिलिंग कंपनी कोणती?

तुळशीचं लग्न लागलं आणि आठवड्याभरात आमच्या भाचीसाठी एक स्थळ आलं. पोरगा मोर्शीकडचा, आयटीआय झालेला. बायोडेट्यात ठळक अक्षरात लिहिलेलं: 'नोकरी – ओएनजीसी, मुंबई हाय.' घरातला सगळा नूरच पालटला. सरकारी नोकरी, समुद्रातला पगार, अजून काय पाहिजे? पोहे झाले, चहा झाला आणि पोरानं स्वतःच सांगून टाकलं, "काका, मी ओएनजीसीत नाही. आमची रिग, म्हणजे समुद्रात खोदायची मशीन, ओएनजीसीच्या कामावर आहे. मी रिगवाल्या कंपनीत आहे."

भाचीचे मोठे काका एकदम मागं टेकले. "म्हंजे ठेकेदाराकडं हाये म्हणा ना!"

पोराचा प्रामाणिकपणा कुणाच्या ध्यानात आला नाही. मला तेव्हाच वाटलं, हा घोळ आपल्या भागात तरी व्हायला नको होता. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातल्या शेंबड्या पोरालाही वावरवाला आणि बोअरवाला यांतला फरक कळतो. समुद्रातही तोच फरक आहे. फक्त फुटांच्या जागी हजारो फूट आणि रुपयांच्या जागी डॉलर.

आधी आमच्या वावरातला बोअर सांगतो. बोअरची गाडी आपल्याकडं बहुधा टीएन पाटीची असते. तमिळनाडूतल्या नामक्कल जिल्ह्यातल्या तिरुचेंगोडच्या गाड्या अख्ख्या देशात फिरतात. एक गाडी मशीनची, दुसरी कॉम्प्रेसरची. आमच्याकडं ती रात्री साडेदहाला आली. पाणाड्यानं नारळ तळहातावर उभा करून जागा दाखवली होती, तिथं माझ्या काकांनी अगरबत्ती लावली. भाव आधीच ठरलेला: फुटावर, पहिल्या तीनशे फुटांचा एक, पुढं दर शंभर फुटांना चढता. केसिंग पाइपाचे पैसे वेगळे.

काका कडुनिंबाच्या खोडावर खडूनं रेघा ओढत बसले, दर रॉडला एक. वीस फुटी रॉड. आधी मुरमाची पिवळी माती उडाली, मग काळ्या पत्थराची राखाडी भुकटी, ती सगळ्यांच्या भुवयांवर बसली. तेवीस रेघा झाल्या तेव्हा भुकटी जराशी ओलसर आली आणि आम्ही सगळे उठून उभे राहिलो. पुढच्याच रॉडला परत कोरडी. मशीनवरचा पोरगा दर थोड्या वेळानं एवढंच विचारायचा, "सेठ, आगे मारें?" आणि काका म्हणायचे, "मार." बत्तीस रेघा झाल्यावर काकांनी हात वर केला. सहाशे चाळीस फूट, सगळा कोरडा. पहाटे चारला काकांनी पैसे मोजून दिले. गाडीवाल्यानं ते घेतले आणि दिवस उगवायच्या आत तो पुढच्या वावराला लागला.

यात गाडीवाल्यानं फसवलं असं काकाही म्हणाले नाहीत. त्यानं भोक विकलं, पाण्याची हमी दिलीच नव्हती. पाणी धो-धो लागलं असतं तरी त्याला एक रुपया जास्त मिळाला नसता.

आता समुद्रात या. वावरवाल्याच्या जागी असते ऑपरेटर, म्हणजे आपण जिला 'तेल कंपनी' म्हणतो ती. ओएनजीसी, रिलायन्स, बीपी या त्यातल्या. अर्थात जमीन तिचीही नसते. समुद्राखालचं तेल सरकारचं, कंपनीनं तो तुकडा मक्त्यानं घेतलेला असतो. कुठं खोदायचं, किती खोल जायचं, कधी थांबायचं हे ती ठरवते, आणि विहीर कोरडी गेली तर बुडतेही तीच. बोअरवाल्याच्या जागी असते ड्रिलिंग कंपनी. तिच्याकडं रिग असते, माणसं असतात आणि तेलाच्या एका थेंबावरही तिचा हक्क नसतो. तिचा हिशेब मात्र फुटावर नसून बहुतेक दिवसावर चालतो; याला 'डे रेट' म्हणतात. 'डीपवॉटर होरायझन' नावाच्या रिगसाठी बीपी दिवसाला जवळपास ५ लाख डॉलर मोजत होती. (पंपावरचं इंडियन ऑइल हे तिसरंच प्रकरण. तिचा मुख्य धंदा तेल शुद्ध करून विकण्याचा. त्याला इथं मध्ये आणत नाही.)

रिगवर दोन्ही कंपन्यांची माणसं एकत्र राहतात, एकाच मेसमध्ये जेवतात. म्हणून बाहेरच्याला सगळे एकाच कंपनीचे वाटतात. पण टूलपुशर (मुकादम), ड्रिलर (मशीन चालवणारा), रफनेक (पाइप जोडणारा मजूर) ही सगळी रिगवाल्याची पोरं. ऑपरेटरचा तिथं एक माणूस असतो, त्याला 'कंपनी मॅन'च म्हणतात. आमच्या काकांसारखा तो, खडू घेऊन रेघा ओढणारा.

या दोन जातींच्या कंपन्यांची कुळकथा शेजारी-शेजारी ठेवली की फरक अजून उघडा पडतो. बीपीची कहाणी ही जमिनीची कहाणी आहे. १९०८ मध्ये इराणात मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं, त्यावर १९०९ मध्ये अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी उभी राहिली. देशानं इराण हे नाव लावलं तशी १९३५ मध्ये ती अँग्लो-इराणियन झाली. १९५१ मध्ये इराणनं तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, कंपनीच्या पायाखालचं वावरच गेलं, आणि १९५४ मध्ये तिनं ब्रिटिश पेट्रोलियम हे नाव घेतलं. जमिनीचं जे झालं तेच नावाचं झालं.

ट्रान्सओशन ही जगातल्या मोठ्या ड्रिलिंग कंपन्यांपैकी एक. तिची वंशावळ मांडायला बसलं तर एकत्र कुटुंबाच्या सातबाऱ्यासारखे फेरफारच फेरफार निघतात. सुरुवात अमेरिकेतल्या अलाबामातली, सदर्न नॅचरल गॅस या गॅसच्या पाइपलाइनवाल्या कंपनीपासून. तिनं १९५३ मध्ये समुद्रात खोदणारा एक धंदा विकत घेतला आणि त्याचं नाव साधंच ठेवलं, 'द ऑफशोअर कंपनी'. पुढच्याच वर्षी या कंपनीची 'रिग ५१' मेक्सिकोच्या आखातात उतरली. तरंगत जायचं, जागेवर पोचलं की लांब पाय खाली सोडून समुद्रतळावर उभं राहायचं, काम झालं की पाय वर घेऊन पुढं निघायचं. अशा रिगला जॅक-अप म्हणतात. आमची बोअरची गाडीही वावरात आली की आधी चार हायड्रॉलिक पाय टेकते, मग मशीन उभी करते. तत्त्व तेच.

१९८२ मध्ये तीच कंपनी सोनॅट ऑफशोअर ड्रिलिंग झाली आणि १९९३ मध्ये मूळ घरातून वेगळी निघाली. १९९६ मध्ये तिनं नॉर्वेची ट्रान्सओशन घेतली आणि नाव लावलं ते विकत घेतलेल्या कंपनीचं. सासरचं आडनाव लावणारा जावई पाहिला आहे का कुठं? या धंद्यात सर्रास चालतं. १९९९ च्या अखेरीस सेडको फोरेक्स आली. ती स्वतःच दोन घराणी मिळून झालेली, फ्रान्सची फोरेक्स आणि टेक्सासची सेडको. सेडको काढली बिल क्लेमेंट्स यांनी १९४७ मध्ये, आणि १९७९ मध्ये ते टेक्सासचे गव्हर्नर झाले. त्याच वर्षी जूनमध्ये मेक्सिकोच्या पेमेक्स कंपनीची इक्स्टॉक-१ ही विहीर फुटली, नऊ महिन्यांहून जास्त काळ वाहत राहिली आणि तिचं तेल टेक्सासच्या किनाऱ्याला येऊन लागलं. ती खोदणारी रिग सेडकोची होती. म्हणजे किनाराही त्यांचाच, मशीनही त्यांच्याच जुन्या घरची!

२००१ मध्ये आर अँड बी फाल्कन नावाची कंपनी ट्रान्सओशनमध्ये आली. डीपवॉटर होरायझन कोरियातल्या ह्युंदाईच्या गोदीत बांधायला दिली होती ती या फाल्कननं. रिग तयार होऊन निघाली २००१ मध्येच, तोवर मालक बदललेला. २००७ मध्ये ग्लोबलसांताफे आली आणि तिच्याबरोबर आलं एक नामी जहाज, 'ग्लोमार एक्सप्लोरर'. १९६८ मध्ये पॅसिफिकमध्ये बुडालेली सोव्हिएत पाणबुडी गुपचूप वर काढायला सीआयएनं ते बांधून घेतलं होतं, आणि १९७४ मध्ये त्यानं पाणबुडीचा काही भाग वर आणलाही. पुढं त्याचं ड्रिलिंगचं जहाज झालं आणि २०१५ मध्ये ते भंगारात गेलं.

या सगळ्या कहाणीत एक गोष्ट सापडत नाही, ती म्हणजे तेल. कुठलं क्षेत्र सापडलं, कुठं नशीब उघडलं, काही नाही. नुसत्या मशिनी या हातातून त्या हातात. पत्ताही तसाच फिरता. कंपनीची नोंदणी १९९९ मध्ये केमन बेटांवर गेली, २००८ मध्ये स्वित्झर्लंडला. डीपवॉटर होरायझनवर झेंडा मार्शल बेटांचा होता. आमच्याकडं टीएन पाटी पाहून कुणी विचारत नाही की बाबा, तू इकडं कसा. तिकडंही कुणी विचारत नाही.

विचारलं जातं ते अपघात झाल्यावर. २० एप्रिल २०१० च्या रात्री मेक्सिकोच्या आखातात बीपीच्या मॅकोंडो विहिरीवर स्फोट झाला. ११ माणसं गेली. जगभर नाव गाजलं बीपीचं, पण मेलेल्यांपैकी ९ जण ट्रान्सओशनचे होते आणि बुडालेली रिग ट्रान्सओशनची होती. ८७ दिवस तेल वाहत राहिलं. मग सुरू झालं, चूक कुणाची?

करार वाचला तर त्यात वाटणी आधीच करून ठेवलेली. पाण्याच्या वर, रिगवरून काही सांडलं तर रिगवाला निस्तरेल. खाली, विहिरीतून आलं तर ऑपरेटर निस्तरेल. आमच्याकडं कागद नसतो, पण वहिवाट हीच. मशीन बिघडलं तर गाडीवाल्याचं, बोअर ढासळला तर वावरवाल्याचं. जानेवारी २०१२ मध्ये न्यायाधीश कार्ल बार्बियर यांनी ही वाटणी नुकसानभरपाईपुरती मान्य केली. दंडाच्या बाबतीत मात्र ट्रान्सओशनला त्या कराराआड लपता येणार नाही, असं ठरवलं. २०१३ मध्ये ट्रान्सओशननं दंडापोटी १.४ अब्ज डॉलर कबूल केले. सप्टेंबर २०१४ मध्ये बार्बियर यांनी दोषाचे हिस्से पाडले: बीपी ६७ टक्के, ट्रान्सओशन ३० टक्के आणि सिमेंटचं काम करणारी हॅलिबर्टन ३ टक्के. बीपीची सरकारशी जी मोठी तडजोड २०१५ मध्ये झाली, तीच २० अब्ज डॉलरच्या वर गेली. विहिरीतला दाब तपासला तेव्हा आकडा चुकीचा वाचला गेला, आणि त्या वाचण्यात कंपनी मॅनही होता, रिगची माणसंही होती. 'मार' म्हणणारा आणि मारणारा दोघंही तिथंच उभे.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग रिगवाल्याचं बरं, कोरड्या विहिरीची चिंता नाही. तसं नाही. त्याची चिंता वेगळी आहे. ज्या साली पाऊस चांगला होतो त्या साली बोअरच्या गाड्या धाब्यावर उभ्या दिसतात. ड्रायव्हर खाटेवर झोपलेला, पण बँकेचा हप्ता झोपत नाही. २०१४ च्या मध्यापर्यंत कच्चं तेल पिंपाला १०० डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये ते ३० च्याही खाली आलं. तेल कंपन्यांनी नवं खोदणं थांबवलं आणि रिगा रांगेनं उभ्या राहिल्या. सीड्रिल ही ड्रिलिंग कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. तिच्याच जातीच्या नोबल, डायमंड ऑफशोअर आणि व्हॅलारिस २०२० मध्ये.

आपल्या देशातलं उदाहरण चेन्नईच्या अबान ऑफशोअरचं. बोअरच्या गाड्यांसारखीच ही कंपनीही तमिळनाडूची, हा योगायोगच म्हणायचा. तेजीच्या दिवसांत तिनं कर्ज काढून नॉर्वेची सिनव्हेस्ट ही कंपनी घेतली. मग १३ मे २०१० ला तिची 'अबान पर्ल' ही रिग व्हेनेझुएलाजवळ बुडाली. मॅकोंडोच्या स्फोटाला महिनाही झाला नव्हता. रिगवरची सगळी ९५ माणसं सुखरूप निघाली. पण भाव पडल्यावर त्या कर्जातून कंपनीला वर येता आलं नाही.

आणि ओएनजीसी? ती या दोन्हींच्या मध्ये बसते, घोळ होतो तो इथंच. १९५६ मध्ये आयोग म्हणून सुरू झालेल्या या संस्थेनं वावर मक्त्यानं घेतलंच, पण स्वतःची बोअरची गाडीही ठेवली. जपानात बांधलेली 'सागर सम्राट' ही तिचीच जॅक-अप रिग, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हायचं तेल तिनंच काढून दाखवलं. आजही ओएनजीसीच्या काही रिगा घरच्या आहेत, बाकी भाड्याच्या. त्यामुळं 'मुंबई हायला रिगवर आहे' एवढ्यावरून माणूस ओएनजीसीचा की रिगवाल्याचा, हे कळायला मार्ग नाही. गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचायचं.

हे सगळं मी भाचीच्या काकांना अंगणात बाजेवर बसून सांगितलं, कडुनिंबाच्या रेघांसकट. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग पोराला फोन लावला. मला वाटलं पगार विचारतील.

"हाय बापू," ते म्हणाले, "तुमच्या रिगचा करार कोणत्या सालापर्यंत हाये?"