अंतराळ मोहीम आखणी कार्यशाळा: शाळा व पालकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत इयत्ता सहावी ते दहावीचे विद्यार्थी सहा ते आठ जणांचा संघ करून एक संपूर्ण अंतराळ मोहीम कागदावर आखतात, हे आपणांस ठाऊक आहेच. नोंदणी झाली की बहुतेक शाळांकडून एकच विचारणा येते: मुलांनी घरून काय तयार करून आणावे, आणि आम्ही त्यांना आधीच कामे वाटून द्यावीत का? या विचारणेमागची कळकळ आम्ही जाणतो. तरीही आमचे उत्तर ठाम आहे आणि त्याची कारणे एकदा सविस्तर मांडावीत म्हणून हे पत्रक काढले आहे. कृपया कामे आधी वाटून देऊ नयेत.

कामे वाटून आलेला संघ पहिल्या सकाळी सर्वांच्या पुढे आहे असे वाटते. एकाने लँडरचे, म्हणजे पृष्ठभागावर उतरणाऱ्या यानाचे, सुबक चित्र काढलेले असते, दुसरीने उपकरणांची यादी केलेली असते, तिसऱ्याने सौरपट्ट्यांची आकडेमोड वहीत उतरवून आणलेली असते, आणि प्रत्येक पान स्वतंत्रपणे पाहिले तर नीटनेटके असते. अडचण पानांच्या मधल्या जागेत असते. उपकरणांच्या गटाने रोव्हर, म्हणजे लँडरमधून उतरून पृष्ठभागावर फिरणारी गाडी, ४० किलोंचा धरलेला असतो. ऊर्जा गटाने तो २६ किलोंचा धरलेला असतो, कारण चंद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हर तेवढ्या वजनाचा होता हे त्यांच्या वाचनात आलेले असते. प्रवासमार्गाच्या गटाने लँडरसाठी १,७५२ किलो हा आकडा घेतलेला असतो, आणि त्यात रोव्हर आधीच मोजलेला आहे हे लक्षात न आल्यामुळे रोव्हरचे वजन पुन्हा वेगळे मिळवलेले असते. ही तफावत दुसऱ्या दिवशी दुपारी, सादरीकरण तोंडावर आले असताना उघडी पडते. मग चित्रापासून इंधनापर्यंत सगळे नव्याने करावे लागते. त्यात संघाचा निम्मा दिवस जातो आणि मुलांचा हिरमोड होतो तो वेगळाच. वेळ वाया जाण्याचे याहून मोठे कारण आमच्या कार्यशाळेत दुसरे नाही.

दहा-पंधरा किलोंच्या फरकाने एवढे काय बिघडते, असे काही पालक विचारतात. त्याचे उत्तर मंगळयानाच्या आकड्यांत स्पष्ट दिसते. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या या यानाचे वजन सुमारे १,३३७ किलो होते आणि त्यातले ८५२ किलो केवळ इंधन होते. उरलेल्या ४८५ किलोंमध्ये सांगाडा, टाक्या, सौरपट्ट्या, अँटेना, संगणक असे सर्व काही बसवायचे होते, आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या पाच वैज्ञानिक उपकरणांच्या वाट्याला जेमतेम १५ किलो आले. हिशेब मांडला तर इंधनाखेरीजच्या प्रत्येक किलोमागे जवळजवळ पावणेदोन किलो इंधन वाहून न्यावे लागले. त्यामुळे एखाद्या संघातला उपकरण गट "फक्त दोन किलोंचे ड्रिल वाढवू" असे म्हणतो, तेव्हा त्याच मोजणीने तो साडेतीन किलो इंधनाचीही मागणी करत असतो, आणि त्या इंधनासाठी टाकी वाढली तर तिचेही वजन पुन्हा मोजावे लागते. मंगळयानाला तर प्रक्षेपकाची मर्यादाही होती. पीएसएलव्हीची ताकद यानाला थेट मंगळाच्या वाटेवर सोडण्याइतकी नव्हती, म्हणून यानाने आधी पृथ्वीभोवतीची कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवली, डिसेंबर २०१३ च्या सुरुवातीला पृथ्वीची कक्षा सोडली, आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाच्या कक्षेत स्थिरावले. वजन, इंधन, मार्ग आणि वेळ या चार गोष्टी एकमेकींत अशा गुंतलेल्या असताना त्या चार घरांत, चार वह्यांत ठरवता येत नाहीत.

म्हणूनच आमच्या प्रत्येक संघासाठी भिंतीवर एकच मोठा तक्ता असतो. त्यात प्रत्येक भागाचे वजन, त्याला लागणारी वीज, आणि तो आकडा कोणी कोणत्या आधारावर लिहिला हे पेन्सिलने नोंदवायचे असते. आकडा बदलायचा असेल तर बदलणाऱ्याने तक्त्यापाशी येऊन तो सर्वांना ऐकू जाईल असा सांगायचा आणि ज्या गटावर त्याचा परिणाम होणार त्या गटातल्या एकाने शेजारी सही करायची, असा नियम आहे. एकूण वजनाचा एक पंचमांश भाग सुरुवातीला राखीव ठेवायला आम्ही सांगतो, कारण आखणी पुढे जाते तसे वजन वाढतच जाते, कमी क्वचितच होते. पहिल्या दोन तासांत मुलांना ही सक्ती जाचक वाटते. दुपारनंतर तीच मुले एकमेकांना "आधी तक्त्यावर लिही" असे बजावताना ऐकू येतात.

हा तक्ता सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. आपल्या मुलीला फक्त नोंदी ठेवायचे काम दिले आणि तिला विज्ञान करायला मिळालेच नाही, अशी तक्रार पालकांकडून अधूनमधून येते. आमचे मत याच्या उलट आहे. मोहिमेतला प्रत्येक बदल ज्याच्या हाताखालून जातो, कोणत्या गटाचा निर्णय कोणाला भोवणार आहे हे ज्याला सर्वांआधी दिसते, आणि वेळप्रसंगी "हे बसत नाही" असे आपल्याच मित्रांना सांगण्याचे धैर्य ज्याला दाखवावे लागते, त्याच्याइतके शिकण्यासारखे काम संघात दुसऱ्या कोणाकडेच नसते. प्रत्यक्ष अंतराळ संस्थांमध्ये या कामासाठी सिस्टिम इंजिनिअर नेमलेले असतात. ही जबाबदारी कोणाला द्यायची हे आम्ही पहिल्या तासातले मुलांचे वागणे पाहून ठरवतो, आणि शाळेने नाव आधी कळवले तरी ते बदलण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवतो.

आकड्यांची भाषा सर्वांची एकच हवी, या आग्रहामागेही खरी घटना आहे. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचताच नष्ट झाले. यानाच्या लहान इंजिनांच्या धक्क्याचे आकडे एका चमूची संगणकप्रणाली पौंडांच्या एककात देत होती आणि मार्ग ठरवणारा चमू ते न्यूटनच्या एककात वाचत होता. गणित दोघांनाही येत होते, पण एका आकड्याची दुसऱ्या खोलीत जाताना पडताळणी झाली नाही, आणि यान ठरल्यापेक्षा कितीतरी खालून मंगळाच्या वातावरणात शिरले. आमच्या तक्त्यावर आकड्याशेजारी एकक लिहिलेले नसेल तर तो आकडा खोडला जातो, तो यामुळेच.

मग मुलांनी काय आणावे? एक प्रश्न, एका वाक्यात लिहिलेला, आणि तोही संपूर्ण संघाने एकत्र बसून ठरवलेला. "चंद्राचा अभ्यास करणे" हा प्रश्न नव्हे, कारण त्यावरून कोणत्याही गटाला काहीच ठरवता येत नाही. "चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या, कायम सावलीत असलेल्या विवरात बर्फ किती खोलीवर आहे?" हा चांगला प्रश्न आहे. तो फळ्यावर लिहिताच ऊर्जा गट थबकतो, कारण जिथे ऊन कधीच पोहोचत नाही तिथे सौरपट्टी निरुपयोगी ठरते. संपर्क गटाच्या लक्षात येते की विवराच्या तळातून पृथ्वी दिसणार नाही, म्हणजे संदेश पुढे पाठवायला वर काहीतरी फिरते ठेवावे लागेल. प्रश्न नेमका असला की कामांची वाटणी त्यातूनच होते आणि कोणी कोणासाठी थांबायचे हेही आपोआप कळते. चंद्रयान-३ ने २३ ऑगस्ट २०२३ रोजी, उतरण्याच्या ठिकाणी सकाळ झालेली असताना पाय टेकले आणि चंद्रावरचा एक दिवस, म्हणजे आपले सुमारे १४ दिवस, काम करायचे ठरवले होते. मोहिमेला नेमके काय साधायचे आहे हे पक्के असल्याशिवाय अशी वेळ ठरवता येत नाही.

इतर विचारणांची उत्तरे थोडक्यात देतो. कार्यशाळेत रॉकेट उडवले जात नाही. ते प्रात्यक्षिक आनंदाचे असले तरी त्यात अर्धा दिवस जातो आणि आखणीचे काम त्याने पुढे सरकत नाही. बाजारात मिळणारी तयार मॉडेल आणू नयेत. शिक्षकांनी दालनात जरूर बसावे, मात्र बेरीज चुकलेली दिसली तरी ती मुलांनाच सापडू द्यावी. वर्गातल्या हुशार मुलांचा वेगळा संघ करून पाठवू नये, कारण तशा संघात बोलणारे पुष्कळ आणि ऐकणारे थोडे अशी स्थिती होते. इस्रोचा युविका कार्यक्रम २०१९ पासून इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांसाठी घेतला जातो आणि त्याच्या निवडीचे निकष इस्रोच ठरवते. आमच्या प्रमाणपत्राने तिथे प्रवेश मिळेल असे आम्ही कोणालाही सांगत नाही आणि कोणी तसे सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

कार्यशाळेनंतर तक्ता शाळेला दिला जातो. काही शाळांनी तो प्रयोगशाळेत लावून त्यावर विज्ञान प्रदर्शनाच्या प्रकल्पांचा हिशेब मांडायला सुरुवात केली आहे, आणि त्यांच्यासाठी आम्ही कोऱ्या तक्त्यांचा संच, वजन आणि विजेच्या नमुना आकड्यांची पुस्तिका व शिक्षकांसाठी एका दिवसाचे मार्गदर्शन अशी वेगळी सोय केली आहे. ज्या शाळांचे संघ एकाहून अधिक आहेत त्यांना हा संच सवलतीत मिळतो. संघाचा एका वाक्यातला प्रश्न सोबतच्या अर्जावर लिहून कार्यशाळेच्या आठवडाभर आधी पाठवावा. तो आमच्याकडे आला की त्याला लागणारे संदर्भ आकडे आम्ही त्या संघासाठी काढून ठेवतो, आणि प्रश्न फार मोठा वाटला तर शाळेला फोन करून तो मुलांशीच बोलून आटोपशीर करून घेतो.