सव्वा मीटरची युद्धनौका आणि तिच्यामागची सत्तर वर्षं

युद्धनौकेचं १:२०० किट (खऱ्या जहाजाच्या दोनशेव्या हिश्शाएवढं, सुटे भाग जोडून करायचं मॉडेल) म्हणजे बारकाव्यांच्या वेडापोटी जन्माला आलेली वस्तू, असं आज कुणालाही वाटेल. खोक्यात शेकड्यांनी भाग, सोबत पितळी जाळ्यांचे पत्रे आणि पुढे महिनोन्‌महिने पुरणारं काम. पण प्लास्टिकची जहाजं मोठी होऊ लागली त्यामागे बारकाव्यांपेक्षा खेळण्याची सोय जास्त होती. आत मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या.

अचूक प्रतिकृतींची परंपरा प्लास्टिकच्या कितीतरी आधीची आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये नेव्ही बोर्डाच्या, म्हणजे नौदलाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या, काळची लाकडी मॉडेलं बहुधा १:४८ या प्रमाणात होत, म्हणजे एका फुटाला पाव इंच. तळाच्या फळ्या मुद्दाम लावत नसत, त्यामुळे आतल्या फासळ्या दिसत. ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आणि अ‍ॅनापोलिसच्या अमेरिकी नौदल अकादमीत ती आजही आहेत. दुसरी परंपरा अगदी चिमुकल्या मॉडेलांची. १०० फुटांना एक इंच, म्हणजे १:१२००. दुसऱ्या महायुद्धात दूरवरचं जहाज कोणतं हे ओळखायला शिकवण्यासाठी ती वापरली गेली. पुढे ब्रिटनच्या एअरफिक्स या किट कंपनीने युद्धनौकांसाठी धरलेलं १:६०० हे माप बरोबर त्याच्या दुप्पट.

प्लास्टिकच्या सुरुवातीच्या जहाजांना मात्र ठरावीक स्केल असं नव्हतंच. अमेरिकेच्या रेव्हेलने १९५३ साली अमेरिकी युद्धनौका ‘मिसूरी’ काढली. तिचं प्रमाण साधारण १:५३५ भरतं. हा आकडा कुठल्याही हिशेबात बसत नाही, कारण आधी खोक्याचा आकार ठरे आणि मग जहाज त्यात बसवलं जाई. तोच साचा पुढे तिच्या भगिनी नौकांच्या नावांनीही विकला गेला. बारा वर्षांनी, १९६५ मध्ये, त्याच कंपनीने शिडांची युद्धनौका ‘कॉन्स्टिट्यूशन’ १:९६ मध्ये आणली. लांबी जवळपास ९० सेंटिमीटर, दोरखंडांचं जंजाळ वेगळंच. मोठ्या प्लास्टिक युद्धनौकेचा इतिहास माझ्या मते इथून मोजायला हवा. तोफांच्या पोलादी नौकांपासून मोजणारे या किटला उगाच वगळतात.

याच काळातला एक गमतीदार वाद इथे सांगायलाच हवा. १९६१ मध्ये अमेरिकी अणुपाणबुड्यांचे जनक अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांनी तक्रार केली की बाजारात २.९८ डॉलरला मिळणारं पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या पाणबुडीचं मॉडेल गुपितं उघडी करतंय आणि सोव्हिएत संघाला ती जवळपास फुकटात मिळताहेत. किटवाल्यांना याहून चांगली जाहिरात कुठून मिळणार होती?

मोटरचा अध्याय जपानमधला. टामिया या कंपनीचा आधीचा धंदा लाकडी मॉडेलांचा. प्लास्टिकच्या लाटेत तो बुडायला लागला, तेव्हा १९६० साली कंपनीने आपलं पहिलं प्लास्टिक किट काढलं, १:८०० ची ‘यामातो’, दुसऱ्या महायुद्धातली जपानी युद्धनौका. तिथल्या मुलांना जहाज पाण्यात चालवायचं होतं, आणि चालवायचं म्हणजे मोटर, बॅटरी आणि ते वजन पेलून तरंगणारा तळ आला. निचिमो या दुसऱ्या जपानी कंपनीने पुढे १:२०० ची यामातो काढली तीही पाण्यात चालवता येईल अशीच. खरी यामातो २६३ मीटरची, म्हणजे हे मॉडेल १३१ सेंटिमीटरचं झालं. एवढ्या आकारातही बारीक काम बेताचंच होतं. कोवळे कठडे आणि अँटेना लावून जहाज तळ्यात सोडलं तर पहिल्याच फेरीत ते तुटणार.

१९७१ मध्ये शिझुओकाच्या टामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी मिळून वॉटरलाइन मालिका सुरू केली. प्रमाण १:७००, आणि पाण्याखालचा भाग चक्क गाळलेला. जहाज तरंगणारच नाही म्हटल्यावर मोटरचा प्रश्नही मिटला. प्लास्टिकची युद्धनौका खेळण्याच्या कपाटातून काचेच्या कपाटात गेली ती या मालिकेमुळे, असं मला वाटतं. टामियाने पुढे १:३५० हे नेमकं दुप्पट माप उचललं. त्यातल्या जुन्या किटांमध्ये मोटरची सोय होती, पण घेणारा गिऱ्हाईक तोवर बदलला होता.

या गिऱ्हाइकाची अडचण प्लास्टिकच्या जाडीपाशी होती. साच्यात वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबून भरतात. फट फार अरुंद असली तर ते शेवटपर्यंत पोचायच्या आतच थिजतं. विमानवेधी तोफेभोवतीचं संरक्षक कवच खऱ्या जहाजावर २५ मिलिमीटर जाड धरा. १:२०० मध्ये ते ०.१२५ मिलिमीटर व्हायला हवं, १:३५० मध्ये ०.०७. किटात ते याच्या कितीतरी पट जाड येतं, आणि जहाज जितकं मोठं तितकी ही जाडी डोळ्यात जास्त भरते. छोट्या मॉडेलात कठडा नसला तरी चालतं, कारण एवढ्या अंतरावरून तो दिसलाच नसता असं मन मान्य करतं. सव्वा मीटरच्या जहाजावर ही सवलत मिळत नाही.

यावर उत्तर सापडलं छपाई आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये आधीपासून वापरात असलेल्या तंत्रात. पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाला संवेदनशील थर द्यायचा, वरून नकाशाची फिल्म ठेवून प्रकाश पाडायचा आणि नको असलेला धातू रसायनाला खाऊ द्यायचा. १९८० च्या दशकात अमेरिकेत गोल्ड मेडल मॉडेल्सने जहाजांसाठी असे पत्रे विकायला सुरुवात केली. कठडे, शिड्या, रडारच्या जाळ्या, क्रेनचे सांगाडे, सगळं त्यात आलं. या पितळेलाही मर्यादा आहे: ते चपटं असतं आणि खऱ्या कठड्याचे खांब गोल. तोफांच्या नळ्या म्हणूनच लेथवर कातलेल्या पितळेच्या मिळू लागल्या.

पितळ आलं आणि नवीच पंचाईत झाली. बारीक काम करता येतं, पण मुळात तिथे काय होतं? यामातो गुप्ततेत बांधली गेली, ७ एप्रिल १९४५ ला बुडाली आणि युद्ध संपताना तिची बहुतेक कागदपत्रं जाळली गेली. १९८५ मध्ये तिच्या अवशेषांची खात्री पटली आणि १९९९ च्या पाहणीत नाळेवरचं शाही शेवंतीचं चिन्ह मोजलं गेलं. दीड मीटर व्यासाचं समजलं जाणारं ते चिन्ह एक मीटरचं निघालं. १:७०० मध्ये हा फरक पाऊण मिलिमीटरही नाही. १:२०० मध्ये मात्र अडीच मिलिमीटरची चूक थेट नाकावर बसते. टामियाने १:३५० ची यामातो २०११ मध्ये नव्या साच्यांतून काढली. जपानमधल्या कुरेच्या संग्रहालयात २००५ पासून तिचं १:१० मॉडेल आहे, २६.३ मीटर लांब. जर्मन युद्धनौका बिस्मार्कचे अवशेष १९८९ मध्ये सापडले, ब्रिटिश हूडचे २००१ मध्ये, आणि दोन्ही वेळा हौशी लोकांनी छायाचित्रं भिंगाखाली घातली.

२००० नंतर चीनच्या ट्रम्पेटरने आणि मेरिटने हा बाजार उलटापालटा केला. अनेक दिशांनी सरकणाऱ्या साच्यांमुळे एकाच भागावर चारी बाजूंनी नक्षी उठू लागली. मिसूरी, अ‍ॅरिझोना, हूड, बिस्मार्क, हॉर्नेट अशा नौका १:२०० मध्ये मिळायला लागल्या. आकाराच्या चुका त्यातही आहेत आणि त्या दुरुस्त करणारे सुटे संच विकणं हा एक वेगळाच धंदा झाला आहे. असे दोन-तीन संच घेतले की त्यांची बेरीज कित्येकदा मूळ किटच्या पुढे जाते.

एक वाट मात्र या शर्यतीपासून बाजूला राहिली: लहान जहाज, मोठं स्केल. मॅचबॉक्सची १:७२ मधली फ्लॉवर वर्गाची कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, पुढे रेव्हेलनेही विकली. खरी नौका ६२.५ मीटरची, मॉडेल ८७ सेंटिमीटरचं. जुन्या साच्यातला पत्र्यांच्या जोडांचा पोत अपुरा म्हणून लोक तिचं अंग पातळ प्लास्टिकच्या पट्ट्यांनी नव्याने मढवतात. या वर्गातली एकच नौका उरली आहे, हॅलिफॅक्सची ‘सॅकव्हिल’, आणि शंका आली की तिचे फोटो पाहून खात्री करता येते. यामातोच्या बाबतीत ही चैन नाही.

आता रेझिनच्या थ्रीडी छपाईने तोफा, होड्या आणि दिशादर्शक उपकरणं पितळेकडून काढून घेतली आहेत. एर्लिकॉन ही विमानवेधी तोफ पितळेची घडी घालून आणि चिकटवून उभी करण्यापेक्षा छापलेली एकसंध तोफ केव्हाही सरस. कठडे बहुतेक जण अजून पितळेचेच लावतात. छापलेला बारीक कठडा ठिसूळ असतो आणि डेकच्या वळणाबरोबर वाकवायला गेलं की मोडतो.