विनबॉक्सची भेग बुजली, चोरलेले पासवर्ड तसेच राहिले

कोल्हापुरात केबलवाल्यांच्या कंट्रोल रूममध्ये आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत मायक्रोटिक कंपनीचे राउटर (इंटरनेट वाटून देणारे डबे) दिसतात. थोड्या पैशांत पीपीपीओई (गिऱ्हाइकाचं नाव-पासवर्ड तपासून लाइन जोडायची पद्धत), हॉटस्पॉट, स्पीडची वाटणी, व्हीपीएन (बाहेरून आत यायचा सुरक्षित मार्ग) असं सगळं एका डब्यात मिळतं. तो चालवायचा विनबॉक्स या प्रोग्रॅममधून, आणि विनबॉक्स राउटरशी बोलतो ८२९१ पोर्टवर, म्हणजे राउटरच्या त्या क्रमांकाच्या दारातून. रात्री अकराला गिऱ्हाइकाची लाइन बंद पडली तर घरून लॉगिन करता यावं, म्हणून हे पोर्ट जगासाठी उघडं ठेवायची सवय पडते. पुढचं सगळं त्या सवयीतून घडलं.

एप्रिल २०१८ मध्ये मायक्रोटिकने या दारातला एक सुरक्षा दोष जाहीर केला. सुरक्षा दोषांच्या जागतिक यादीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०१८-१४८४७. लॉगिन होण्याआधीच विनबॉक्सच्या पोर्टवर फाइल मागता येत होती. फाइलचा पत्ता वाकडा करून दिला, की राउटर आपल्या वापरकर्त्यांची फाइलच हातात ठेवायचा. तिच्यातले पासवर्ड हॅश केलेले (मूळ शब्द परत काढता येणार नाही अशा रूपात ठेवलेले) नव्हते, सहज उलगडता येत होते. त्यामुळे पासवर्ड आठ अक्षरी असो की चोवीस, काही फरक पडत नव्हता. राउटरओएस या राउटरमधल्या सॉफ्टवेअरच्या ६.२९ ते ६.४२ या आवृत्त्या यात सापडल्या. दुरुस्ती ६.४२.१ मध्ये लगेच आली. पासवर्ड हॅश करून ठेवणं मात्र ६.४३ पासून सुरू झालं.

ऑगस्ट २०१८ मध्ये आधी ब्राझीलमधल्या आणि मग जगभरच्या सुमारे दोन लाख राउटरमध्ये कॉइनहाइव्हची स्क्रिप्ट घुसवलेली सापडली. आपण पान उघडायचं आणि आपल्या प्रोसेसरवर दुसऱ्याचं क्रिप्टो मायनिंग (आभासी चलन कमावणं) चालायचं. त्यानंतर बऱ्याच जणांनी अपडेट केलं आणि विषय संपला असं धरलं. खरी चूक इथे झाली. अपडेटने भेग बुजते. बाहेर गेलेला पासवर्ड परत येत नाही, आत लावलेली स्क्रिप्टही निघत नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये यांडेक्स या रशियन सर्च कंपनीवर सेकंदाला २ कोटी १८ लाख रिक्वेस्टचा मारा झाला. हा मारा करणाऱ्या मेरिस नावाच्या बॉटनेटमध्ये (परस्पर ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेत) २०१८ सालीच हाती लागलेले राउटर होते, असं मायक्रोटिकने सांगितलं.

म्हणून जुना राउटर हाती आला की आवृत्ती बघून थांबू नये. सिस्टिम शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांच्या यादीत) फेच करणारी, म्हणजे बाहेरून फाइल आणणारी ओळ आहे का, आयपी सॉक्स (दुसऱ्याची रहदारी आपल्यातून पाठवणारा प्रॉक्सी) चालू आहे का, 'एलव्हीपीएन' नावाचा एल२टीपी क्लायंट (बाहेरच्या व्हीपीएनला जोडणारा) आहे का, फायरवॉलच्या इनपुटमध्ये ५६७८ पोर्टला मोकळीक देणारा नियम आहे का, हे आधी बघावं. यातलं एक जरी सापडलं तर एकेक ओळ पुसत बसू नये, मायक्रोटिकच्या नेटइन्स्टॉल या प्रोग्रॅमने राउटर कोरा करावा. त्यावर जुना बॅकअप चढवू नये, कारण शेड्युलरची ओळ त्याच्याबरोबर परत येते. कोरा करण्याआधी एक्सपोर्ट (सेटिंगची वाचता येणारी यादी) काढून ठेवावा, तो ओळ न् ओळ वाचावा आणि हवं तेवढंच परत घालावं. आवृत्ती ७ मध्ये साध्या एक्सपोर्टमध्ये पासवर्ड येत नाहीत, ते वेगळे मागावे लागतात. नाहीतर सकाळी एकाही गिऱ्हाइकाचं पीपीपीओई जोडलं जात नाही. अ‍ॅडमिनबरोबर पीपीपी सिक्रेट (गिऱ्हाइकांचे पासवर्ड) आणि रेडियसचं, म्हणजे गिऱ्हाइक तपासणाऱ्या सर्व्हरचं सिक्रेटही बदलावं, कारण आत शिरलेल्याला तीही वाचता येत होती. एकच पासवर्ड सगळ्या टॉवरवर आणि गल्लीगल्लीतल्या डब्यांवर असेल, तर बदलायची यादी तेवढीच लांब होते. आयपी सर्व्हिसेसमध्ये विनबॉक्सपुढे फक्त आपल्या ऑफिसचा पत्ता टाकावा. घरून काम करायचं तर व्हीपीएनमधून आत यावं.